बालअतिदक्षता सेवा, वऱ्हाडातील

बालअतिदक्षता सेवा, वऱ्हाडातील : श्वसन, रुधिराभिसरण किंवा मेंदूचे कार्य बिघडल्यामुळे ज्या बालकाच्या जिवाला तत्काळ धोका निर्माण झाला आहे, त्याच्या शरीरक्रियांवर अखंड लक्ष ठेवून व निकामी होऊ पाहणाऱ्या इंद्रियांना यंत्रांचा व औषधांचा आधार देऊन जे उपचार करतात, त्यांस बालअतिदक्षता असे म्हणतात. अतिदक्षता हा रोगावरील इलाज नव्हे. रोग ओसरेपर्यंत किंवा औषध लागू पडेपर्यंत जीव टिकवून धरण्याची ती पद्धत होय. बालकांसाठी तिची वेगळी व्यवस्था लागते, कारण बालक म्हणजे प्रौढाची लहान आकृती नव्हे. त्याचा श्वसनमार्ग अरुंद असतो, औषधाची मात्रा वजनावरून काढावी लागते आणि शरीरातील राखीव शक्ती अल्प असते. तीन किग्रॅ. वजनाच्या अर्भकाच्या शरीरात सु. पाव लिटर रक्त असते. त्यातील चार-पाच चमचे रक्त गेले, तरी ती मोठी हानी ठरते. अशा रुग्णाची प्रकृती काही मिनिटांत ढासळते, तशीच योग्य आधार मिळाल्यास झपाट्याने सुधारतेही.

ही सेवा बालकांच्या विशेष रुग्णालयांत एकवटावी, की जिल्ह्याजिल्ह्यांतील सर्वसाधारण रुग्णालयांतून ती उपलब्ध करावी, हा प्रश्न जगात गेली अनेक दशके चर्चिला गेला आहे. वऱ्हाडात, म्हणजे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशीम या जिल्ह्यांच्या प्रदेशात, या प्रश्नाला अंतराचे व वेळेचे परिमाण लाभले आहे. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः अमरावती व अकोला या जिल्ह्यांच्या संदर्भात त्याचा इतिहास दिला आहे.

अतिदक्षतेचा उगम : कृत्रिम श्वसनाच्या यंत्राच्या रुग्णावरील प्रारंभीच्या वापरांपैकी एक बालकावरच झाला. फिलिप ड्रिंकर व लुई शॉ यांनी तयार केलेली लोखंडी फुप्फुसपेटी १९२८ मध्ये बॉस्टन येथील बालरुग्णालयात पोलिओने श्वसनस्नायू लुळे पडलेल्या आठ वर्षांच्या मुलीसाठी वापरण्यात आली. आधुनिक अतिदक्षतेचा प्रारंभ मात्र सामान्यतः १९५२ च्या कोपनहेगनमधील पोलिओच्या साथीपासून मानतात. तेथील ब्लेगडॅम या संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयात श्वसन बंद पडलेल्या रुग्णांपैकी बहुतेक दगावत होते. ब्यॉर्न इब्सेन या संवेदनाहरणतज्ज्ञांनी शस्त्रक्रियागृहातील पद्धत तेथे आणली. रुग्णाच्या श्वासनलिकेला छिद्र पाडून तीत नळी बसवावयाची व रबरी पिशवी हाताने दाबून फुप्फुसांत हवा भरावयाची, अशी ती पद्धत होती. यंत्रे पुरेशी नसल्यामुळे सु. दीड हजार वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने आठवडेच्या आठवडे या पिशव्या दाबल्या. मृत्यूचे प्रमाण पुढील काही महिन्यांत निम्म्याहूनही खाली आले.

या घटनेचे दोन अर्थ लावता येतात आणि पुढील सर्व वादाचे बीज त्यांत आहे. रुग्ण एका ठिकाणी एकवटले म्हणून त्यांवर विशेष कौशल्य केंद्रित करता आले, हा पहिला अर्थ. जीव वाचविणारी गोष्ट महागडे यंत्र नसून प्रशिक्षित हात व अखंड देखरेख ही होती, हा दुसरा.

केवळ बालकांसाठी असलेला पहिला अतिदक्षता कक्ष स्वीडनमधील गॉथेनबर्ग येथे १९५५ मध्ये गोरान हाग्लुंड यांनी स्थापन केला, असे मानले जाते. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयात जॉन डाउन्स यांच्या पुढाकाराने १९६७ मध्ये असा कक्ष सुरू झाला. नंतरच्या दोन दशकांत पाश्चात्त्य देशांतील मोठ्या बालरुग्णालयांतून ही शाखा स्थिर झाली.

विशेष रुग्णालयांचा पक्ष : बालअतिदक्षता मोजक्या केंद्रांत एकवटावी या मताला १९९० नंतर सांख्यिकीय आधार मिळाला. अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातील उच्चस्तरीय केंद्रे व इतर रुग्णालये यांची तुलना मरी पोलॅक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केली. आजाराची तीव्रता हिशेबात घेतल्यावर, अत्यवस्थ बालकांना उच्चस्तरीय केंद्रांत जगण्याची संधी अधिक असल्याचे तीत दिसून आले. गेल पिअर्सन, फ्रँक शान इत्यादींनी १९९७ मध्ये इंग्लंडमधील ट्रेंट विभाग व ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्य यांची तुलना केली. ट्रेंटमध्ये अत्यवस्थ बालके अनेक रुग्णालयांत विखुरलेली होती, तर व्हिक्टोरियात ती बव्हंशी मेलबर्नच्या एका बालरुग्णालयात नेली जात. तीव्रता लक्षात घेऊन काढलेला मृत्यूचा धोका ट्रेंटमध्ये लक्षणीय रीत्या अधिक होता. त्याच वर्षी ब्रिटिश शासनाने ही सेवा मोठ्या केंद्रांत एकवटण्याची रूपरेषा स्वीकारली.

या निष्कर्षाचे कारण समजण्यासारखे आहे. अत्यवस्थ बालके संख्येने थोडी असतात. वर्षातून पाच-सात वेळा लहान बालकाच्या श्वासनलिकेत नळी घालणारा वैद्य आणि आठवड्यातून तितक्याच वेळा ती घालणारा वैद्य यांच्या हातांत फरक राहणारच. परिचारिकांच्या बाबतीत तर ही गोष्ट अधिकच खरी आहे. परंतु मेलबर्नची व्यवस्था केवळ रुग्णालयाच्या बळावर उभी नव्हती. दूरच्या रुग्णालयातून बालकाला आणण्यासाठी अतिदक्षतेत निष्णात असलेले पथक स्वतः तेथे जाई, जागेवरच बालकाची प्रकृती स्थिर करी आणि मगच त्याला हलवी. एकवटलेल्या सेवेचा हा तिसरा घटक इतर देशांनी तिचे अनुकरण करताना पुष्कळदा दुर्लक्षिला.

भारतातील प्रारंभ : भारतात बालकांच्या विशेष रुग्णालयांची परंपरा मुंबईत परळ येथे १९२९ मध्ये सुरू झालेल्या बाई जेरबाई वाडिया रुग्णालयापासून ठळकपणे दिसते. दिल्लीचे कलावती सरन बालरुग्णालय १९५६ मध्ये सुरू झाले. बालरोगतज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना १९६३ मध्ये व अतिदक्षता वैद्यकाची संघटना १९९३ मध्ये स्थापन झाली. बालअतिदक्षता कक्षांसाठी सर्वसंमत मार्गदर्शक निकष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. हे कक्ष प्रामुख्याने महानगरांतून व मोठ्या शिक्षणसंस्थांतून वाढले.

वऱ्हाडातील पूर्वपीठिका : निजामाकडून १८५३ मध्ये ब्रिटिशांच्या ताब्यात आलेला वऱ्हाड प्रांत कापसाच्या व्यापारामुळे व रेल्वेमुळे लवकर बाहेरच्या जगाशी जोडला गेला. भुसावळहून अकोला व बडनेरामार्गे जाणारा लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचला. जन्ममृत्यूंची नोंद ठेवण्याच्या बाबतीत हा प्रांत इतर अनेक प्रांतांपेक्षा सरस मानला जाई. टिम डायसन यांनी १८८१ ते १९८० या शंभर वर्षांच्या वऱ्हाडच्या लोकसंख्येचा केलेला अभ्यास या नोंदींमुळेच शक्य झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी येथे दर पाच अर्भकांमागे निदान एक अर्भक पहिले वर्ष पुरे होण्यापूर्वीच दगावत असे. १८९९–१९०० च्या दुष्काळात या हानीत मोठी भर पडली.

शासकीय वैद्यकीय सेवेची रचना याच काळात घडली आणि तिचा ठसा अद्याप टिकून आहे. हिंदी स्त्रियांना स्त्री-वैद्यांकडून उपचार मिळावेत यासाठी १८८५ मध्ये लेडी डफरिन यांच्या नावाने निधी स्थापन झाला. अमरावतीचे जिल्हा स्त्री रुग्णालय आजही ‘डफरिन’ या नावाने ओळखले जाते, तर अकोल्याचे स्त्री रुग्णालय लेडी हार्डिंग यांच्या नावाने. अमरावतीच्या जिल्हा सामान्य रुग्णालयाला लोक ‘आयर्विन’ म्हणतात. हे नाव १९२६ ते १९३१ या काळात व्हाइसरॉय असलेल्या लॉर्ड आयर्विन यांचे. अशा रीतीने प्रसूती एका संस्थेत व इतर सर्व रोगी दुसऱ्या संस्थेत, अशी विभागणी रूढ झाली. बालकाचा स्वतंत्र विचार या विभागणीत नव्हता. ते जन्मले स्त्री रुग्णालयात व आजारी पडले की गेले सामान्य रुग्णालयात.

अवघड रुग्णांना नागपूरला पाठविण्याची प्रथा नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या स्थापनेनंतर (१९४७) दृढ झाली. अमरावतीहून नागपूर सु. १५० किमी., तर अकोल्याहून सु. २५० किमी. अंतरावर आहे. अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्थेचे डॉ. पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालय १९८४ मध्ये निघाले. यवतमाळला १९८९ मध्ये व अकोल्याला २००२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालये स्थापन झाली. अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय त्यानंतर शिक्षण-रुग्णालय बनले व शेजारच्या बुलढाणा आणि वाशीम जिल्ह्यांतील रुग्णांचेही ते आश्रयस्थान ठरले. अमरावतीत विशिष्ट शाखांच्या उपचारांसाठी विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय उभे राहिले. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तेथे २०२४ मध्ये सुरू झाले.

मेळघाटचा प्रश्न : अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेकडील धारणी व चिखलदरा हे तालुके मिळून मेळघाट होतो. सातपुड्याच्या या डोंगराळ प्रदेशात प्रामुख्याने कोरकू लोकांची वस्ती आहे. १९९३ च्या पावसाळ्यात येथील बालमृत्यूंकडे सर्व राज्याचे लक्ष वेधले गेले व प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला. आदिवासी भागांसाठी शासनाने १९९५ मध्ये नवसंजीवन योजना सुरू केली. बालमृत्यूंची चर्चा त्यावेळी बहुधा कुपोषणाच्या अंगाने झाली व ते योग्यही होते. तथापि कुपोषित बालक प्रत्यक्षात दगावते ते न्यूमोनिया, अतिसार, हिवताप किंवा जंतुदोष यांपैकी एखाद्या तीव्र आजाराने. या आजाराच्या शेवटच्या एकदोन दिवसांत त्याला जी मदत लागते, ती अतिदक्षतेचीच होय.

धारणी येथे उपजिल्हा रुग्णालय, तर चिखलदरा व चुर्णी येथे ग्रामीण रुग्णालये आहेत. धारणीहून अमरावतीस जाण्यासाठी घाटातून व जंगलातून सु. १५० किमी. प्रवास करावा लागतो. आतल्या गावांहून धारणी गाठण्यासच पावसाळ्यात बराच वेळ जातो. त्याआधी काही वेळ भूमकाकडे, म्हणजे पारंपरिक उपचारकाकडे गेलेला असतो. याला केवळ अज्ञान म्हणणे बरोबर नाही. मोठ्या रुग्णालयात जाणे म्हणजे घरातील दोन माणसांची मजुरी बुडणे, उरलेल्या मुलांची आबाळ होणे व परक्या भाषेत बोलणे भाग पडणे. भूमका मात्र गावात असतो व कोरकूत बोलतो. रवींद्र व स्मिता कोल्हे या दांपत्याने बैरागड येथे (पद्मश्री २०१९) आणि आशिष व कविता सातव यांनी धारणीजवळ उतावली येथे केलेल्या कार्याचे महत्त्व या दृष्टीने मोठे आहे. रुग्णालयाने गावाकडे सरकले पाहिजे, हे त्यांनी कृतीने दाखविले.

नवजात अर्भकांचे कक्ष : पाच वर्षांखालील बालमृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक मृत्यू जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांत होतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) महाराष्ट्रात दर हजार जिवंत जन्मांमागे पाच वर्षांखालील मृत्यू २८, तर नवजात मृत्यू १६·५ होते. पश्चिम बंगालमधील पुरुलिया येथे २००३ मध्ये जिल्हा रुग्णालयात आजारी नवजात अर्भकांचा विशेष कक्ष उभारण्यात आला व राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान (२००५) सुरू झाल्यावर हा नमुना देशभर पसरला. अमरावतीच्या डफरिन व अकोल्याच्या लेडी हार्डिंग रुग्णालयांत असे कक्ष झाले. ऊब देणारे पाळणे, प्राणवायू, काविळीवरील प्रकाशोपचार, शिरेवाटे औषधे आणि प्रशिक्षित परिचारिका हे त्यांचे मुख्य बळ होय. सर्वसाधारण जिल्हा सेवेतही जीव वाचविणारी विशेष सेवा उभी राहू शकते, याचे हे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे.

मात्र या कक्षांना दोन मर्यादा होत्या. २०११ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार यंत्राद्वारे श्वसन व मोठ्या शस्त्रक्रिया त्यांच्या कक्षेबाहेर होत्या. दुसरे म्हणजे ते पहिल्या २८ दिवसांपुरते योजलेले आहेत. दीड महिन्याच्या न्यूमोनियाग्रस्त अर्भकाला किंवा सर्पदंश झालेल्या सहा वर्षांच्या मुलाला तेथे जागा नाही. स्त्री रुग्णालय व सामान्य रुग्णालय यांच्या जुन्या विभागणीतील ही फट नव्या सेवेतही राहिली. महिन्यावरील बालकाची अतिदक्षता अशा रीतीने वैद्यकीय महाविद्यालये व खाजगी बालरुग्णालये यांच्याकडे गेली. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत अमरावती होता. तिचे नाव पुढे महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना असे झाले. या योजनेमुळे काही गरीब कुटुंबांना खाजगी अतिदक्षता कक्षांचे दार उघडले. पण ते दार शहरात होते व तेथवर पोहोचण्याचा प्रश्न पूर्ववत उरला. २०१४ मध्ये राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा ९३७ वाहनांनिशी सुरू झाली. तिने प्रवासाची सोय निःसंशय वाढविली. परंतु वेळेवर वाहन मिळणे आणि प्रवासात अर्भकाला अतिदक्षता मिळणे या भिन्न गोष्टी आहेत.

सर्वसाधारण रुग्णालयांचे सामर्थ्य : लहान ठिकाणी अत्यवस्थ बालके वाचविता येतात, याचे प्रमाण महाराष्ट्रातच मिळाले आहे. कोकणात विंचूदंशाने बालके हृदयक्रिया बिघडून दगावत. हिंमतराव बावस्कर यांनी बिरवाडी व महाड येथे अशा रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणांचा बारकाईने अभ्यास केला आणि प्राझोसीन या स्वस्त गोळीचा उपयोग १९८६ मध्ये जगापुढे मांडला. त्यामुळे मृत्यूचे प्रमाण फार मोठ्या प्रमाणावर घटले. गडचिरोलीत अभय व राणी बंग यांनी गावातील प्रशिक्षित स्त्रियांकरवी नवजात अर्भकांची घरच्या घरी शुश्रूषा केली; १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार तेथील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. दोन्ही ठिकाणी यंत्रे नव्हती. होते ते नेमके ज्ञान, योग्य वेळ व न चुकता केलेली देखरेख.

मोठ्या केंद्रांतील नियम लहान ठिकाणी जसेच्या तसे उचलू नयेत, हा धडा आफ्रिकेतून मिळाला. केन्या, युगांडा व टांझानिया येथील ३,१४१ बालकांवर केलेल्या व २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, तीव्र ताप व रुधिराभिसरण मंदावलेल्या बालकांना शिरेवाटे झपाट्याने द्रव दिल्यास मृत्यू वाढतात असे आढळले. कृत्रिम श्वसनाची सोय असलेल्या रुग्णालयांत हा उपचार नित्याचा मानला जात होता. याउलट काही आजारांत विशेष सेवेला पर्याय नाही. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावाच्या नावाने ओळखला जाणारा विषाणू १९६५ मध्ये सापडला. त्याच्यामुळे होणारा मस्तिष्कशोथ बालकाला एकदोन दिवसांत गाठतो. नागपूर विभागात २००७ मध्ये त्याचा उद्रेक झाला होता. त्यावर विशिष्ट औषध नाही. झटके थांबविणे, मेंदूवरील दाब कमी करणे व श्वसनाला आधार देणे, एवढेच उपाय आहेत आणि ते सारे अतिदक्षतेचे आहेत.

यंत्रे व माणसे : २०२१ या वर्षाने या विषयाच्या दोन बाजू उघड केल्या. ९ जानेवारीच्या पहाटे भंडारा येथील जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात अर्भकांच्या कक्षाला आग लागून दहा अर्भके मृत्युमुखी पडली. अतिदक्षता कक्ष म्हणजे केवळ पाळणे व उपकरणे नव्हेत. वीजजोडणीची तपासणी, अग्निसुरक्षा व रात्रीच्या पाळीतील पुरेसे मनुष्यबळ हेही त्याचे अवयव आहेत, हे या घटनेने दाखवून दिले. फेब्रुवारीत करोनाच्या दुसऱ्या लाटेची पहिली चिन्हे राज्यात अमरावती व अकोला येथे ठळकपणे दिसली. त्या लाटेनंतर केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये २३,१२३ कोटी रुपयांचा जो कार्यक्रम मंजूर केला, त्यात देशातील सर्व ७३६ जिल्ह्यांत बालकांसाठी स्वतंत्र कक्ष उभारण्याची तरतूद होती. महिन्यावरील बालकासाठी जिल्हा पातळीवर अतिदक्षतेचा विचार इतक्या व्यापक प्रमाणावर प्रथमच झाला. खाटा व यंत्रे एका वर्षात घेता येतात. ती चालविणाऱ्या परिचारिका तयार होण्यास मात्र अनेक वर्षे लागतात आणि वारंवार होणाऱ्या बदल्यांमुळे त्यांचे कौशल्य विखुरते.

मूल्यमापन : विशेष रुग्णालयांची श्रेष्ठता दाखविणारे अभ्यास, रुग्णालयात जिवंत पोहोचलेल्या बालकांचे आहेत. जी बालके वाटेत किंवा घरीच दगावली, ती त्या हिशेबात येत नाहीत. इंग्लंडमध्ये अशी बालके थोडी असल्याने त्या निष्कर्षाला बाध येत नाही. मेळघाटात त्यांना वगळले तर निष्कर्षच बदलतो. नागपूरच्या किंवा अकोल्याच्या कक्षात मृत्युदर कितीही कमी असला, तरी चुर्णीच्या बालकाला त्याचा लाभ त्याच्या प्रवासाच्या तासांवर अवलंबून राहतो. म्हणून वऱ्हाडापुरता हा प्रश्न विशेष की सर्वसाधारण असा उरत नाही. पहिल्या काही तासांत कोणते काम कोणी करावयाचे, असा तो आहे.

वर दिलेल्या इतिहासावरून या कामाची वाटणी स्पष्ट होते. धोक्याची लक्षणे ओळखणे, प्राणवायू देणे, झटके थांबविणे, रक्तातील साखर व शरीराची ऊब सांभाळणे आणि प्रतिजैविकाची पहिली मात्रा देणे ही कामे धारणी, अचलपूर, मूर्तिजापूर यांसारख्या ठिकाणच्या सर्वसाधारण रुग्णालयांनी रात्रंदिवस करावयाची. दीर्घकाळ कृत्रिम श्वसन, शस्त्रक्रिया व दुर्मिळ विकार ही विशेष केंद्रांची कामे. या दोहोंना सांधणारी, बालकाला वाटेतही उपचार देणारी प्रशिक्षित पथके हा तिसरा घटक. वऱ्हाडात आजवर तोच सर्वांत दुर्बल राहिला आहे. कोपनहेगनमध्ये १९५२ साली पिशव्या दाबणारे हात रुग्णांच्या उशाशी होते, म्हणून ते रुग्ण वाचले. तसे हात सातपुड्याच्या घाटातून धावणाऱ्या रुग्णवाहिकेत उपलब्ध करून देणे, हे या प्रदेशातील बालअतिदक्षतेचे अपुरे राहिलेले कार्य होय.